सोळा बरगड्यांचा घोडा

वैजयंता लोमटेला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी घोड्याविषयीची एक गोष्ट तिनं न अडखळता सांगितली असती, आणि नेमकी तीच चुकीची होती. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. वैजूच्या घोड्याला सोळाच होत्या.

आता एवढ्याशा चुकीवरून कुणी कुणाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावत नाही. पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाची मुलं याहून मोठे प्रताप करतात. एका पठ्ठ्यानं तर त्याच पेपरात घोड्याला पित्ताशय बहाल केलं होतं, जे देवानं त्याला दिलेलंच नाही. प्रश्न असा होता की आजारी घोड्याच्या यकृताचा तुकडा तपासायला घ्यायचाय, तर शेवटच्या बरगडीपासून मोजत पुढे येऊन सुई कुठे टोचाल? वैजूनं सोळा धरून मोजलं आणि सुई दोन बरगड्या मागे टोचली. सबंध वर्गात आणखी एकाच उत्तरपत्रिकेत ती सुई अगदी त्याच जागी टोचलेली निघाली. ती तस्नीम मोमीनची होती.

चुकलेल्या बाकीच्या मुलांनी गायीच्या तेरा बरगड्या घोड्याला लावल्या होत्या. ते समजण्यासारखं होतं. पण सोळा बरगड्यांचं जनावर अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. त्यातून दोघी दोन वेगळ्या इमारतींत बसलेल्या. त्या काळात कानाच्या पाळीमागे चिकटणारी, तिळाएवढी बोलकी यंत्रं बाजारात आली होती आणि पर्यवेक्षकांची झोप उडाली होती. त्यामुळे प्राचार्य टेकाळे सरांना निष्कर्ष काढायला वेळ लागला नाही. कॉपी सिद्ध झाली तर दोन वर्षं बाहेर, असा नियम होता. दोन वर्षं घरी बसून पुन्हा त्याच बाकावर परत आलेली मुलगी मांजरा नदीकाठच्या त्या महाविद्यालयात अजून कुणी पाहिली नव्हती. वैजूची पाचावर धारण बसली.

सरांनी दोघींना एकेकीला आत घेतलं आणि एकच विचारलं, की हे सोळा आणलं कुठून? वैजूनं तिला आठवत होतं ते सांगितलं. पहिल्या वर्षाला तस्नीमनं सांगितलं होतं, असं. मग ती बाहेर बाकावर येऊन बसली, तस्नीम आत गेली, आणि अर्धवट लोटलेल्या दारातून वैजूला तस्नीमचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं. "वैजूनं सांगितलं होतं, सर."

बाहेर पडल्यावर दोघी पायऱ्यांवर समोरासमोर उभ्या राहिल्या.

"माझं नाव सांगितलंस?" वैजू म्हणाली.

"तू नाही का सांगितलंस? तूच म्हणली होतीस ते. मला तुझा आवाज अजून ऐकू यायलाय."

"खोटं बोलायलीस, तस्नीम."

त्यानंतर त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. वाईट याचं, की दोघीही मनापासून खरं बोलत होत्या.

पहिल्या वर्षी त्या एका खोलीत राहायच्या. तस्नीम औशाची. तिचे आजोबा टांगा चालवायचे, तिथला शेवटचा. ती घोड्यांपायी या कॉलेजात आली होती. वैजू मुळात कशापायी आली हे तिलाच नीटसं माहीत नव्हतं, पण पहिल्यांदा वासराच्या तोंडात हात घातला आणि ती या विद्येच्या प्रेमात पडली. त्या हिवाळ्यात वैजूच्या मावसबहिणीचं लग्न होतं आणि नवरीसाठी उखाणे जुळवायचं काम वैजूकडे आलं होतं. सकाळी वसतिगृहापासून गोठ्याकडे चालत जाताना ती पुटपुटायची, तस्नीम हसून हसून बेजार व्हायची, आणि बघता बघता नवरी बाजूला राहिली नि दोघींनी गायी-म्हशींचेच उखाणे घ्यायला सुरुवात केली. एकीनं पहिली ओळ टाकायची. पुढचा विजेचा खांब यायच्या आत दुसरीनं यमक जुळवून, शरीररचनेतली एक तरी गोष्ट घालून ओळ पुरी करायची. हरली तिनं दुसरीचे शेणाचे बूट धुवायचे. कालचा उखाणा आज उलट बाजूनं यायचा, काल पहिली ओळ टाकणारीला आज दुसरी म्हणावी लागायची. त्यांनी रवंथ करणाऱ्या चारही पोटांची लग्नं लावली, बकऱ्याच्या मूत्रपिंडाला डोहाळे लावले. याला अभ्यास म्हणतात असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. अभ्यास म्हणजे संध्याकाळी टेबलाशी बसून, पिवळ्या रंगानं ओळी रंगवत, तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं असतं, यावर दोघींचा गाढ विश्वास होता.

दुसऱ्या वर्षी टोपरं आलं.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण तान्ह्या बाळाच्या टोपीसारखं ते कानांवरून हनुवटीखाली बांधायचं असल्यानं मुलांनी त्याचं टोपरं केलं. ते बनवलं होतं डॉ. सुलक्षणा बिराजदार मॅडमनी. त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या आणि मूळ बेत गायीसाठी होता. वासरू दूर नेल्यावर गाय नेमकं काय आठवते, हे त्यांना पाहायचं होतं. गायींनी ते शिंगांनी उडवून लावलं. मुलं बिचारी गरीब, त्यांनी मुकाट्यानं बांधून घेतलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या इशाऱ्यांनी बोलतात, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मेंदूचं हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापुढे इतकं दुबळं असतं की ते ऐकायचं म्हणजे भर बाजारात कुणाच्या तरी श्वासाला कान लावायचा. टोपऱ्यातल्या काचेच्या इवल्या कुप्यांतले अणू तेवढ्याशा ओढीनंही डोलायचे. बाहेरचा गलबला अडवायला धातूचे जाड पत्रे लावलेली एक खोली बांधली होती. तिथे बसून एखादी गोष्ट आठवली, की त्या आठवणीच्या पेशींचा सगळा मेळा एकदम जागा होई आणि पडद्यावर उजेडाची नक्षी उमटे. मॅडम तिला ठसा म्हणत. माणसाची आठवण डोळ्यांना दिसू लागली होती.

मॅडमनी प्रत्येक मुलाला तोच धडा चित्रातून, आवाजातून आणि हाताळायला देऊन पाहिला. ज्याचा मेंदू चित्रानं जास्त उजळला तो डोळ्यांचा, जो आवाजानं उजळला तो कानांचा, जो हाडं हातात घेतल्यावर उजळला तो हातांचा. वर्गाचे तीन वर्ग झाले. वैजू डोळ्यांत गेली, तस्नीम कानांत. इमारती वेगळ्या, वेळा वेगळ्या, वसतिगृहातले मजलेही वेगळे. इतर कॉलेजांतून माणसं बघायला येऊ लागली. आणि खरं सांगायचं तर मुलांनाही ते आवडलं. वैजूसमोर हवेत पारदर्शक घोडा उभा राहायचा, बोटानं एकेक थर उलगडायचा, सगळं कसं सहज डोक्यात शिरल्यासारखं वाटायचं. उखाणे आपोआप बंद पडले. एवढा सुंदर घोडा समोर असताना खांब कोण मोजतो?

त्या सुंदर घोड्यालाही अठराच जोड्या होत्या. मग परीक्षेत वैजूच्या हातून सोळा कसं उमटलं? घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे कुणालाच कळेना. चौकशी समितीपुढे बिराजदार मॅडम स्वतःहून म्हणाल्या की मुलींच्या जबान्या घेण्यापेक्षा त्यांच्या आठवणीलाच विचारू. कालपरवा परीक्षेत कुणी कानात सांगितलेली गोष्ट मेंदूच्या आतल्या भागाशी बांधलेली असते, ती अजून कच्ची असते. जुनी गोष्ट अनेक झोपांमधून हळूहळू बाहेरच्या थरांत पसरते आणि तिथे मुरते. ठशावरून त्याचं वय कळेल. टेकाळे सरांना हे पटलं नाही, पण मॅडमच्या यंत्रावर अख्खं कॉलेज चाललं होतं, नाही म्हणणार कसं? त्यांनी होकार दिला.

वैजू पत्र्याच्या खोलीत शिरली आणि टोपरं बांधून बसली. मॅडमनी आधी तिला रेकॉर्ड केलेले काही शब्द ऐकवले, काही तिच्याच आवाजातले, काही तस्नीमच्या. कुठला आवाज तिच्या मेंदूत कशी नक्षी काढतो, हे टोपऱ्याला शिकवायचं होतं. मग त्यांनी सांगितलं की डोळे मीट, घोड्याच्या बरगड्या आठव, आणि जे येईल ते येऊ दे.

आधी काहीच आलं नाही. मग सोळा आलं. सोळाच्या मागे थंडी आली, ओल्या कडब्याचा वास आला, आणि तस्नीमचा आवाज आला, हसू दाबणारा. वैजूच्या तोंडून आपसूक शब्द निघाले. "घोडेरावांच्या छातीला जोड्या सोळा."

"त्याच्या आधी काय होतं?" मॅडमनी विचारलं.

वैजूला आठवेना. पहिली ओळ गेली होती. तिनं डोळे उघडले आणि पडद्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. तिच्या डोक्यातला तो एक आकडा सबंध पडद्यावर पसरला होता. कानांच्या भागात उजेड होता, डोळ्यांच्या भागात होता, पावलं चालवणाऱ्या भागात होता, वास ओळखणाऱ्या खोल कोपऱ्यात होता, आणि हसण्याच्या जागीही होता. ती मांडणी आपली आहे, आपल्या कवटीच्या आत हे सगळं इतके महिने गुपचूप जागत होतं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. तिला रडू आलं आणि ते दुःखाचं नव्हतं.

मग मॅडमनी सहज, तुलनेसाठी म्हणून, तिला पारदर्शक घोड्याचा धडा आठवायला सांगितलं. त्या धड्याच्या वेळी वैजूचा मेंदू दिवाळीसारखा उजळला होता, मॅडमकडे त्याची नोंद होती. आता पडदा काळाच राहिला. एका कडेला फिकट काहीतरी थरथरलं आणि विझलं.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी नोंद तपासली, तारा तपासल्या, पुन्हा विचारलं. पडदा पुन्हा काळाच.

वैजूनंतर तस्नीम आत गेली. वैजू बाहेर थांबली आणि जाड दार बंद झालं. खूप वेळानं मॅडमनी वैजूला परत आत बोलावलं. तस्नीम अजून खुर्चीत होती, टोपरं डोक्यावर, मान खाली. मॅडमनी दोघींना पडद्यावर दोन ठसे शेजारी शेजारी दाखवले. तस्नीमला पहिली ओळ आठवली होती आणि ती तिला वैजूच्या आवाजात ऐकू आली होती. टापांचा आवाज आला, गावकरी झाले गोळा. दोन्ही ओळी एकत्र लावल्यावर उखाणा पुरा झाला. गोळाला यमक हवं होतं. अठरा बसत नव्हतं, सोळा बसलं. खांब जवळ आला होता आणि बूट धुवायची कुणाचीच तयारी नव्हती.

"म्हणजे चूक कुणाची?" तस्नीमनं विचारलं.

मॅडमनी मान हलवली. ठसे जुने होते, चांगले मुरलेले, परीक्षेच्या कितीतरी आधीचे, तेव्हा कॉपीचा प्रश्नच मिटला होता. पण पहिल्यांदा सोळा कोण म्हणालं, हे यंत्रही सांगू शकत नव्हतं. उखाणा इकडून तिकडे इतक्या वेळा गेला होता की प्रत्येकीच्या ठशात दोघींचे आवाज एकमेकांत विणले गेले होते. तरी आठवताना वैजूला तस्नीमचा आवाज ऐकू येत होता आणि तस्नीमला वैजूचा. कारण आपला आवाज आपल्याला आवाज म्हणून आठवत नाही, मॅडम म्हणाल्या, तो आपल्याला आपण स्वतःच वाटतो. आठवतो तो दुसऱ्याचा.

हे सांगताना मॅडमना स्वतःचीच एक चूक दिसली होती. इतके महिने त्यांनी ज्ञान मेंदूत शिरताना पाहिलं होतं, ते परत बोलावल्यावर येतं का हे पाहिलंच नव्हतं. पाहुणे किती आले ते मोजलं, मुक्कामाला किती राहिले ते नाही. चित्र पाहताना डोळ्यांचा भाग उजळणार, हे सांगायला टोपरं कशाला हवं होतं? पुढच्या आठवड्यात त्यांनी तिन्ही वर्गांतल्या मुलांना बोलावून धडे आठवायला लावले आणि डोळेवाले, कानवाले, हातवाले सगळ्यांचे पडदे सारखेच काळे निघाले. जिथे मुलांनी कुणाला तरी विचारलं होतं, कुणी त्यांना विचारलं होतं, अडखळून, चुकून, चार दिवसांनी पुन्हा विचारलं होतं, तेवढीच जागा उजळत होती. डोळ्यांचं माणूस, कानाचं माणूस असं काही त्या उजेडात सापडलं नाही.

मॅडमनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. आपलं घोडं पुढे दामटायची त्यांना चांगली संधी होती, यंत्राला नवं नाव देऊन वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. तीन वर्गांचा पुन्हा एक वर्ग झाला. समितीनं कॉपीचा आरोप मागे घेतला आणि चुकलेल्या सुईचे गुण मात्र कापले, कारण घोडा काही यमकानं बरा होत नाही. वैजूची दोन वर्षं वाचली. तरी जेवणघरात ती एका टोकाला बसायची आणि तस्नीम दुसऱ्या. आरोप मागे घेता येतो, बोललेलं नाही.

मग एका दुपारी मॅडमनी दोघींना परत पत्र्याच्या खोलीत बोलावलं. चुकीचा ठसा दुरुस्त होताना त्यांना पाहायचा होता. आठवण बाहेर काढली की ती काही काळ मऊ होते आणि तेवढ्या वेळात तिच्यात बदल करता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वैजूनं टोपरं बांधलं. प्रश्न तस्नीमनं विचारायचे होते, कारण तो ठसा तिच्या आवाजाला ओळखत होता. तस्नीम आली, खुर्ची थोडी वळवून बसली आणि भिंतीकडे बघत तिनं घोड्याच्या बरगड्या विचारल्या.

"अठरा," वैजू म्हणाली. पडद्यावर आधी सोळाची जुनी नक्षी भडकली, मग तिच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या आणि तिच्यातूनच एक नवी नक्षी वर आली. तिघीही श्वास रोखून पाहत होत्या. आपण चुकलो होतो ही गोष्ट स्वतःच्या डोक्यात बरी होताना बघणं कुणाच्या वाट्याला येतं?

मॅडमनी तस्नीमला खूण केली की अजून विचार. मांजराला असतं आणि घोड्याला नसतं असं हाड कोणतं, तिनं विचारलं. वैजूला ते येत होतं आणि येत नव्हतं. ती थांबली, चाचपडली. तस्नीमचे ओठ उत्तर द्यायला उघडले, पण मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवून तिला थांबवलं. उत्तर अजून आलं नव्हतं आणि पडदा आतापर्यंत कधीच उजळला नव्हता इतका उजळला होता. कोपऱ्याकोपऱ्यातून उजेड सरकत होता, परत फिरत होता, दुसऱ्या वाटेनं जात होता. अखेर वैजूला खांद्यापासून छातीकडे येणारं ते हाड सापडलं तेव्हा उजेड उलट ओसरला.

"शिकणं इथे होतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "उत्तर मिळाल्यावर नाही. शोधताना. आणि समोरचं माणूस न सांगता थांबलं तर."

तस्नीमनं खुर्ची सरळ केली. आता ती वैजूकडे बघत होती.

"तू सरांना माझं नाव का सांगितलंस?"

मॅडमचा हात नोंदीच्या कळीकडे गेला आणि त्यांनी नोंद बंद केली. पडदा मात्र चालूच राहिला. वैजूला तयार उत्तर माहीत होतं, यंत्रानंच ते तिला दिलं होतं. मला तुझाच आवाज आठवला, माझा आठवत नाही, असं म्हटलं असतं तर ते खरंच होतं. ती ते बोलली नाही. ती शोधत राहिली. उजेड तिच्या डोक्यात सगळीकडे हिंडत होता आणि तस्नीम तिला एक शब्दही पुरवत नव्हती, नुसती थांबली होती.

"तुझा आवाज आठवला होता, ते खरंय," वैजू अखेर म्हणाली. "पण मला दोघींचं मिळून आहे असंही सांगता आलं असतं. मी घाबरले. एकटीनं सुटता येतंय का ते बघितलं."



"मीबी," तस्नीम म्हणाली, आणि मग तिनं उंटाच्या बरगड्या विचारल्या.